फिल्टरवर तारीख लिहा

भिवंडी असो, मालेगाव असो की कुर्ला, आपल्या वस्तीतून मोठ्या रस्त्याला लागलात की दोन्ही बाजूंना गॅरेजची रांग दिसते. कुठे टायर, कुठे बॅटरी, कुठे रेडिएटर, कुठे डिझेल पंप आणि नोझलचे काम. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालाने मुस्लिम कामगार रस्ते-वाहतूक आणि वाहनदुरुस्तीसारख्या धंद्यांत जास्त प्रमाणात असल्याचे नोंदवले. आपल्याला ते अहवाल न वाचताही ठाऊक होते. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरची चूल ट्रकवर किंवा ट्रकच्या दुरुस्तीवर पेटते. म्हणून भाषेच्या मास्तराने आज ऑइल फिल्टर आणि डिझेल फिल्टर या विषयावर लिहिले, तर ते आपल्या कामाबाहेरचे समजू नये.

ट्रकमधली ही सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एक. ऑइल फिल्टर इंजिनात फिरणाऱ्या ऑइलमधली काजळी आणि धातूचा कीस अडवतो. डिझेल फिल्टर टाकीतली घाण आणि पाणी पंप-नोझलपर्यंत जाऊ देत नाही. काम एवढेच, पण ते थांबले तर काय होते हे पाहण्यासारखे आहे. ऑइल फिल्टर तुंबला म्हणून इंजिन लगेच बंद पडत नाही. इंजिन कोरडे पडू नये म्हणून बायपास व्हॉल्व्ह ठेवलेला असतो. तो उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जाते. गाडी चालू राहते, ड्रायव्हरला काही कळत नाही, आणि आत बेअरिंग झिजत राहतात. डिझेल फिल्टर मात्र बोलतो. घाट चढताना गाडी ओढत नाही, मधेच पिकअप तुटतो. तेव्हा रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून सगळे त्याच्याभोवती गोळा होतात.

आपल्या गॅरेजांत एक जुनी सवय आहे. फिल्टर काढायचा, डिझेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये धुवायचा, हवा मारायची आणि परत बसवायचा. जुन्या गाड्यांत जाळीचे गाळणे असे, ते धुऊन चालत असे. सवय तिथून आली. आजच्या फिल्टरमध्ये घड्या घातलेला कागद असतो. तो धुतल्याने वरची घाण जाते, आत रुतलेली जात नाही, आणि हवेच्या जोराने कागद फाटला तर डोळ्यांना दिसतही नाही. फाटका फिल्टर हा तुंबलेल्या फिल्टरपेक्षा वाईट, कारण तो काहीच अडवत नाही आणि तक्रारही करत नाही.

1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे बीएस-6 गाड्या आल्या आणि हा प्रश्न आणखी कडक झाला. कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब हजार-दीड हजार बारच्याही पुढे जातो. इंजेक्टरची छिद्रे इतकी बारीक की काही मायक्रॉनचा कणसुद्धा त्यांना घासून काढतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा धरला, तर हिशेब लक्षात येईल. फिल्टरचे पैसे शेकड्यांत मोजायचे, इंजेक्टरचे हजारांत. त्यातही गाडी उभी राहिलेल्या दिवसांचे भाडे जाते ते वेगळेच. शिवाय या गाड्यांत युरिया, म्हणजे डीईएफ, लागतो आणि त्याच्या पंपालाही फिल्टर असतो. नव्या गाड्यांत ऑइल बदलायचे अंतर लांबले आहे. पूर्वी दोनदा-तीनदा बदलायचे तिथे आता एकदाच. म्हणजे त्या एका फिल्टरला तेवढा जास्त काळ टिकायचे आहे. अशा वेळी हलका माल बसवणे म्हणजे रोजा ठेवून दुपारी चहा पिण्यासारखे आहे.

आता साठ्याचे. मिस्त्री म्हणतात, माल भरून ठेवायला भांडवल कुठे आहे? प्रश्न खरा आहे. पण सगळा माल भरा असे कोण म्हणतो? तुमच्याकडे येणाऱ्या गाड्यांपैकी नेहमीचे चार-पाच मॉडेल असतात. मागच्या तीन महिन्यांत कोणता फिल्टर किती लागला हे लिहिलेले असेल, तर पुढच्या महिन्यापुरता माल ठेवणे पुरते. ऑइल फिल्टर ऑइलबरोबर एकेकच लागतो. डिझेल फिल्टर मात्र थोडे जास्त ठेवावेत, कारण एखाद्या टाकीत खराब डिझेल पडले की एकापाठोपाठ दोन-दोन फिल्टर तुंबतात. पावसाळ्याआधी तर नक्की, कारण टाकीत पाणी उतरते ते याच दिवसांत. लांबच्या फेरीवर जाणाऱ्या ड्रायव्हरने केबिनमध्ये डिझेल फिल्टरचा एक जोड आणि बेल्ट पाना ठेवावा. घाटात रात्री दोन वाजता दुकान उघडे नसते.

ठेवण्याचीही रीत आहे. फिल्टर डब्यातच, पिशवी न फोडता ठेवावा. ओलसर फरशीवर नको, उन्हात नको. आधी आलेला माल आधी वापरावा, कारण पडून राहिला की रबरी वायसर कडक होतो आणि तिथून गळती सुरू होते. बसवताना जुना वायसर इंजिनाला चिकटून राहिला नाही ना ते बघावे, नव्या ऑइल फिल्टरच्या वायसरला ऑइलचे बोट लावावे आणि तो हाताने आवळावा. पान्याने आवळला की पुढच्या वेळी छिन्नी-हातोडी घ्यावी लागते. कॉमन रेलच्या बारीक डिझेल फिल्टरमध्ये कॅनमधून डिझेल ओतून भरू नये. ते डिझेल न गाळलेले असते आणि थेट इंजेक्टरकडे जाते. हातपंप मारून एअर काढावी, वेळ लागला तरी.

बाजारात नकली माल आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तो कुठून भरला जातो हेही. आपण फेकलेल्या रिकाम्या डब्यांतूनही. म्हणून डबा फाडून टाकावा, माल बिलावर घ्यावा, डब्यावरचा कोड मोबाइलवर तपासावा. एखादा संशयास्पद फिल्टर कापून बघा. कागदाच्या घड्या कमी, डिंक उखडलेला, असे असेल तर त्या दुकानाला सलाम करून पुढे जा. आणि जो मिस्त्री जाणूनबुजून नकली फिल्टर बसवून अस्सलचे पैसे घेतो, त्याने एक आठवण ठेवावी. मापात मारणाऱ्यांच्या नावाने कुरआनात एक पूर्ण सूरह आहे. माप फक्त तराजूचे नसते. ग्राहकाची गाडी आपल्या गॅरेजात उभी आहे तोवर ती अमानत आहे.

पण मला बेइमानीपेक्षा दुसऱ्या गोष्टीची काळजी जास्त वाटते. आपले बहुतेक मिस्त्री बेइमान नाहीत, ते लिहीत नाहीत. उस्तादने शागिर्दला तोंडी शिकवले, शागिर्दने पुढच्याला. बारा-तेराचा पाना, चौदा-पंधराचा पाना, पोरगा नजरेने ओळखतो. हात तयार होतो, पण ‘का’ सांगितले जात नाही आणि काय केले ते कुठे नोंदले जात नाही. गाडी सहा महिन्यांनी परत येते तेव्हा फिल्टर कधी बदलला हे मालकाला आठवत नाही, मिस्त्रीलाही नाही. मग अंदाज चालतो. कंपनीच्या वर्कशॉपात याच कामाची नोंद छापून मिळते. चार गाड्यांचा मालक हळूहळू तिकडे वळतो. आपला मिस्त्री हुनरात कमी पडत नाही, कागदात कमी पडतो, आणि दोष नशिबाला देतो.

यावरचा इलाज एका मार्कर पेनच्या किमतीत होतो. प्रत्येक नव्या फिल्टरवर तारीख आणि किलोमीटर लिहा. एका वहीत गाडीचा नंबर, फिल्टरचा पार्ट नंबर, बिल नंबर लिहा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, आकडे कोणत्याही लिपीत चालतील. हीच वही पुढे साठा किती ठेवायचा ते सांगेल, तक्रार आली तर पुरावा होईल आणि ग्राहकाच्या मनात भरवसा तयार करेल.

आई-बापांना एक सांगणे. चौदा वर्षांखालच्या मुलाला गॅरेजात कामाला ठेवणे गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, सातवीत शाळा सुटलेला मुलगा बीएस-6 गाडीच्या स्कॅनरवरचा कोड कसा वाचणार? हुनर शिकवायचा असेल तर जरूर शिकवा, पण दहावी होऊ द्या. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स आहे. ज्यांचे हात आधीच तयार आहेत त्यांच्यासाठी सरकारी कौशल्य योजनेत अनुभवावर प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. उस्तादकडचा हुनर आणि हातातला कागद, दोन्ही एका मुलाकडे असतील तर त्याला कोणत्याही वर्कशॉपच्या दारात मान खाली घालावी लागणार नाही.

आणि ज्यांचे गॅरेज आजच चालू आहे, त्यांनी आयटीआयची वाट बघू नये. शागिर्दला उद्या सकाळी जुना ऑइल फिल्टर कापून दाखवा. त्यातल्या घड्या, त्यात अडकलेला कीस, बायपासचा व्हॉल्व्ह, सगळे त्याच्या बोटांना लागू द्या. मग नवा फिल्टर आणि पेन त्याच्या हातात द्या आणि तारीख त्यालाच लिहायला सांगा.