नाइलाजाला विश्वास म्हणणारे

वैयक्तिक माहितीच्या गळतीचा विषय निघाला की एक ठरावीक युक्तिवाद हटकून पुढे येतो: गळतीच्या बातम्या येऊनही डिजिटल व्यवहार वाढतच आहेत, त्याअर्थी लोकांचा विश्वास अबाधित आहे; फसतात ते ओटीपी सांगून मोकळे होणारे बेसावध लोक; आणि ज्याला लपवायचे काही नाही, त्याने भ्यायचे कशाला? यातला शेवटचा मुद्दा, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिल्यानंतर तरी, निकालात निघायला हवा होता. पण काही युक्तिवाद चिरंजीव असतात. वापरावरून विश्वास मोजणे तर लोकलच्या दाराला लटकणाऱ्यांची संख्या दाखवून तो प्रवास सुरक्षित ठरवण्यासारखे आहे.

बेसावधपणाच्या आरोपाची मात्र सविस्तर झडती घेतली पाहिजे. आधार-संलग्न पेमेंट व्यवस्थेत, म्हणजे आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा यांच्या बळावर गावातल्या बँकमित्राकडून रोकड काढण्याच्या सोयीत, ओटीपी लागतच नाही. आणि नोंदणीकृत दस्तांवरील ठसे उचलून, ते सिलिकॉनवर उतरवून परक्या खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणे पोलीस तपासात उघड झालेली आहेत. दस्त नोंदवताना अंगठा देणे भागच असते, तेव्हा या खातेदाराने सावध राहायचे म्हणजे जमीनच विकायची नाही की काय? शिवाय फुटलेला पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. ठसे कुलूपबंद करण्याची सोय आहे खरी, परंतु ती ठाऊक नसणाऱ्यालाच दोषी धरणे हे सुरक्षेचे नव्हे, हात झटकण्याचे शास्त्र झाले.

जून 2023 मध्ये लसीकरणासाठी नोंदवलेले तपशील टेलिग्रामवरील एका बॉटवर मिळू लागले, तेव्हा कोविन या लस-नोंदणीच्या संकेतस्थळात थेट शिरकाव झाल्याचे दिसत नाही, असा खुलासा करण्यात आला. ज्याचा क्रमांक बाहेर पडला, त्याला या ‘थेट’ शब्दाने केवढा धीर आला असेल!

वस्तुतः गळतीपेक्षाही गळतीनंतरचे मौन आणि भरपाईचा अभाव यांनी विश्वास अधिक खचतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने प्रत्येक बाधिताला कळवण्याचे बंधन घातले, हे योग्यच झाले. तथापि, सुरक्षेतील हयगयीबद्दलचा 250 कोटी रुपयांपर्यंतचा दंड भारताच्या संचित निधीत जमा व्हावा आणि बाधिताला भरपाई देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम 43अ वगळले जावे, अशी तरतूदही त्याच कायद्यात आहे. ते कलम, हवे तर नव्या शब्दांत, परत आणले पाहिजे.