उजनीचं ‘उणे’ आणि भिगवणची मासळी

दोहात नळाला येतं ते समुद्राचं गोडं केलेलं पाणी, त्यामुळे इथे धरणाचा टक्का कुणी विचारत नाही. आम्हा इंदापूर-करमाळ्याकडच्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र उजनीचा आकडा येतोच. यंदा, मार्च 2025 मध्ये, त्याच्यासोबत एक वाक्यही फिरतंय: थंडी पडलीच नाही, आता पाणी झपाट्याने उतरणार.

हे निम्मंच खरं. 1901 पासूनच्या नोंदींत यंदाचा फेब्रुवारी देशात सर्वांत उष्ण ठरला, असं हवामान विभाग सांगतो. अमेरिकेतल्या ग्रेट लेक्सवर सौम्य हिवाळ्यात बर्फाचं झाकण धरत नाही, मग भर थंडीत बाष्पीभवन वाढतं. उजनीवर बर्फ कुठला! पण पाण्याचा पसारा मोठा, कडा उथळ. ऊन लवकर तापलं की वाफ होणारच. त्यात उसालाही पाणी लवकर लागतं. तरी मोठा उतार होतो तो कालव्याच्या आवर्तनांनी आणि सोलापूरसाठी भीमेत सोडलेल्या पाण्याने. तो हवामान नाही, माणसं ठरवतात.

2023 च्या पावसाळ्यात धरण 60 टक्क्यांच्या आसपासच भरलं. जानेवारी 2024 मध्येच ते उणे गेलं आणि जूनपर्यंत उणे 60 च्या जवळ पोचलं. एकूण क्षमता 117 टीएमसी, त्यात साधारण 63 टीएमसी मृतसाठा. उणे म्हणजे या मृतसाठ्यातलं पाणी उपसणं. ‘मृत’ हा शब्द कालव्याच्या हिशेबातला. उन्हाळ्यात मासा जगतो तो त्याच पाण्यात.

पाणी आटलं की मासे एका जागी गोळा होतात, जाळं भरून येतं, भिगवणच्या बाजारात ढीग दिसतात. लोकांना वाटतं, छान चाललंय. तेव्हाच बारीक जाळ्यांनी पिल्लंही उचलली जातात. उरलेल्या गरम पाण्यात प्राणवायू कमी, त्यात पुणे-पिंपरीचं सांडपाणी. चिलापी तग धरते. रोहू, कटल्याला जड जातं.

कालवा सल्लागार समितीच्या बातम्यांत ऊस आणि पिण्याचं पाणी असतं. मासेमारांचा उल्लेख मी तरी क्वचितच वाचला. मृतसाठ्यातून किती खाली जायचं, हे त्यांना विचारूनच ठरायला हवं. ऑगस्ट 2024 मध्ये धरण पूर्ण भरलं म्हणून यंदा सगळे निवांत आहेत. पण रोहू-कटला अंडी घालतात ते पावसाळ्याच्या नव्या पाण्यात, आणि त्याला अजून तीन महिने आहेत.