छायाचित्रकारास भेट काय द्यावी?

दिवाळी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. यंदा तो एका भगिनींनी विचारला आहे. त्या लिहितात, “चिरंजीवांस फोटो काढण्याचे वेड आहे. या दिवाळीत त्यास कॅमेऱ्याचे काहीतरी द्यावे असे मनात आहे. ह्यांचे म्हणणे, एक मोठी लेन्स घेऊन टाकू. दुकानदार दर खेपेस नवेच काही दाखवितो. आपला सल्ला काय?”

प्रश्न वरवर साधा आहे. पण त्यात बरीच रक्कम आणि त्याहून अधिक हौस गुंतलेली असते. मध्यमवर्गीय घरात असा खर्च वर्षातून एकदा निघतो, आणि त्यातून आलेली वस्तू संक्रांतीपर्यंत कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसते, हे दृश्य अनेक घरांत पाहावयास मिळते. दुसऱ्यासाठी चष्मा निवडावा तसा दुसऱ्यासाठी कॅमेरा निवडणे हा प्रकार आहे. दुकानातील काच कितीही उत्तम असो, नंबर ज्याचा त्यालाच ठाऊक.

बडोदेकरांस या बाबतीत एक घरचेच उदाहरण देता येईल. दादासाहेब फाळके १८९० साली आपल्या येथील कलाभवनात दाखल झाले आणि त्याच सुमारास छायाचित्रे घेणे, ती धुणे व छापणे यांचे प्रयोग करू लागले. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी केलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीस सुवर्णपदक मिळाले, आणि त्यांच्या एका चाहत्याने त्यांना किमती कॅमेरा भेट दिला. या भेटीतील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. हात आधी तयार झाला होता, कॅमेरा मागून आला. ज्याचा हात अद्याप तयार व्हावयाचा आहे, त्यास किमती यंत्र देणे म्हणजे त्याच्यावर एक प्रकारचे दडपणच आणणे होय.

तेव्हा भगिनींना पहिली विनंती अशी की, ‘ह्यां’ना तूर्त थोपवावे. लेन्स ही सर्वांत फसवी भेट आहे. प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्याचे तोंड निराळे. कॅननची लेन्स निकॉनवर बसत नाही, सोनीची फुजीवर बसत नाही. इतकेच काय, एकाच कंपनीच्या जुन्या आरशाच्या आणि नव्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांची तोंडेही वेगळी आहेत. मधला जोड घेऊन काही वेळा काम भागते, काही वेळा मुळीच भागत नाही. लेन्सच द्यावयाची असेल, तर चिरंजीवांस सरळ विचारावे. भेटीतील गुपित गेले तरी चालेल, पैसे जाऊ नयेत.

एक अपवाद मात्र आहे. ज्याच्याकडे एकच झूम लेन्स आहे आणि जो घरातच, दिव्याच्या उजेडात, आजीचे, भाच्याचे, मांजराचे फोटो काढीत बसतो, त्यास त्याच्या कॅमेऱ्याला बसेल अशी ५० मिलिमीटरची, १.८ छिद्राची साधी लेन्स द्यावी. बहुतेक मोठ्या कंपन्या ती बनवितात, आणि त्यांच्या यादीतील ती बहुधा सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी असते. तिने जवळ-दूर करता येत नाही. माणसालाच पुढेमागे सरकावे लागते. शिकणाऱ्यास याहून चांगला शिक्षक नाही. कॅमेऱ्यातील संवेदक लहान असेल तर ५० ऐवजी ३५ मिलिमीटरची घ्यावी, नाहीतर आपल्या दिवाणखान्यात पाठ भिंतीला लागते आणि चौकटीत आजीचे अर्धे कपाळच मावते.

लेन्सच्या पुढच्या कडेवर, शून्यावर तिरकी रेघ मारल्यासारखी एक खूण असते आणि तिच्यापुढे ५२, ५८, ६७ असा आकडा असतो. तो फिल्टरचा व्यास होय. मुलगा आंघोळीस गेला असता हा आकडा टिपून घेता येतो. निसर्गचित्रे घेणाऱ्यास त्या मापाचा पोलरायझर दिल्यास तो खरोखर उपयोगी पडेल. पाण्यावरची चकाकी आणि ओल्या पानांवरचा पांढुरका तजेला तो काढून टाकतो. आणि चित्र घेताना जी चकाकी राहून गेली, ती नंतर संगणकावर तशी काढता येत नाही. चांपानेरच्या दगडी जाळ्यांचे फोटो काढणाऱ्यांस मात्र पोलरायझरपेक्षा चांगल्या तिपाईचा उपयोग अधिक.

तिपाईविषयी थोडे परखडपणे लिहिणे भाग आहे. बाजारात पिसासारख्या हलक्या आणि तितक्याच डळमळीत तिपाया भेटवस्तू म्हणून खपतात. वाऱ्याच्या झुळुकीने हलणारी तिपाई असण्यापेक्षा भिंतीचा कठडा बरा. मधली दांडी वर न काढता जी डोळ्याच्या उंचीपर्यंत येते आणि कॅमेरा व लेन्स मिळून जे वजन होते त्याच्या निदान दुप्पट भार जी सोसते, अशीच घ्यावी. फाळक्यांनी १९१२ साली ‘अंकुराची वाढ’ चित्रित केली तेव्हा कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचे रोज थोडे थोडे चित्रण महिनाभराहून अधिक काळ चालले होते. स्थिर आधार आणि चिकाटी यांपलीकडे त्या कामात फारसे काही नव्हते, आणि तेवढ्यावर भांडवल देणारा मनुष्य राजी झाला.

आता पक्षिवेड्यांकडे वळू. हिवाळ्यात डभोईजवळच्या वढवाणा तलावावर पहाटे गेले असता ही मंडळी थंडीत कुडकुडत बसलेली दिसतात. गायकवाडी काळात सिंचनासाठी बांधलेला हा तलाव २०२१ साली रामसर यादीत आला आणि गर्दी आणखी वाढली. चक्रवाक आणि पट्टकादंब पाहण्यासाठी जो मनुष्य थंडीत पाच वाजता उठतो, त्याच्या लेन्सविषयी आपण बोलूच नये; चारशे वा सहाशे मिलिमीटरची त्याची लेन्स घरातील फ्रीजहून महाग असू शकते, आणि तिच्या खरेदीविषयी घरात आधीच पुरेसे बोलणे झालेले असते. त्याची खरी अडचण वजनाची आहे. मोटारीच्या खिडकीत वा बांधावर ती लेन्स टेकवावी कशी, हा त्याचा रोजचा प्रश्न. यावरचा उत्तम उपाय घरच्या शिवणयंत्रावर तयार होतो. जुन्या जीनच्या जाड कापडाची, मधोमध शिवण घातलेली दुहेरी पिशवी शिवावी, एका टोकास भक्कम चेन लावावी आणि आत मोहरी किंवा तांदूळ भरावे. खिडकीच्या काचेवर ती घोड्याच्या खोगिरासारखी बसते आणि लेन्स तिच्यात रुतून स्थिर होते. प्रवासात रिकामी न्यावी, मुक्कामी पोहोचल्यावर वाण्याकडून भरून घ्यावी. शिवणयंत्र नसेल तर एकपायी दांडी, म्हणजे मोनोपॉड द्यावा.

पक्षिमित्रास दुसरी उत्तम भेट ८×४२ ची दुर्बीण. आठ हा आकडा किती पट मोठे दिसेल ते सांगतो, बेचाळीस हा पुढच्या भिंगाचा व्यास. दहा पटीची दुर्बीण दुकानात अधिक भारी वाटते, पण हातात ती अधिक थरथरते आणि तिच्यातून कमी प्रदेश दिसतो. दुर्बीण गळ्यात असली की मनुष्य आधी पाहतो आणि मग कॅमेरा उचलतो. घरट्यातील पिलांच्या तोंडाशी लेन्स नेणाऱ्यांची संख्या त्यामुळे थोडी घटली तर पक्ष्यांवरही उपकार होतील.

नवरात्रात गरब्याचे फोटो काढणारे तरुण आणि लग्नसराईत राबणारे व्यावसायिक यांची गरज एकच : ऐन वेळी काही संपू नये. त्यांना त्यांच्याच कॅमेऱ्याची जादा बॅटरी द्यावी. बॅटरीवर छापलेला क्रमांक अक्षरशः जुळला पाहिजे आणि ती शक्यतो मूळ कंपनीची असावी. कार्डांचेही तसेच. नामांकित बनावटीचे कार्ड अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे, कारण नकली कार्डांचा सुळसुळाट आहे आणि कार्ड बिघडले तर गेलेली सप्तपदी कोणी पुन्हा घालीत नाही.

नात्यातील व्यावसायिक छायाचित्रकारास मात्र वस्तूपेक्षा दुसरेच काही हवे असते. “तू येतोच आहेस तर कॅमेरा आण” हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलेले असते की, मुंजीचे आमंत्रण हाती पडले की त्याच्या पोटात गोळा येतो. पंगत उठेपर्यंत तो जेवत नाही आणि महिनाभराने “फोटो झाले का रे?” असे फोन येतात. त्यास एकदा कॅमेऱ्याविना जेवावयास बोलवावे. काम करून घ्यावयाचेच असेल तर त्याचा रीतसर मोबदला आहेराच्या पाकिटात न घालता हाती द्यावा.

जुन्या पिढीतील एखादे काका अजून फिल्मवर चित्रे काढतात. त्यांच्या कपाटात आग्फाचा ‘क्लिक थ्री’ असण्याचा संभव पुष्कळ. आणि तो कॅमेरा हिंदुस्थानात बनत असे तो आपल्या बडोद्यातच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात, हे तरुण वाचकांना बहुधा ठाऊक नसेल. त्यात १२० चा रोल बसतो आणि बारा चौरस चित्रे येतात. कोडॅक कंपनीने २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा फिल्मचे युग संपले असे सर्वांनी गृहीत धरले होते. पण १२० आणि ३५ मिलिमीटरचे दोन्ही रोल आजही बनतात. काकांना कृष्णधवल रोल द्यावेत, वेष्टनावरील मुदतीची तारीख पाहून. आणि ते धुऊन घेण्याचा खर्चही आपणच उचलावा, कारण खरा भार तेथे पडतो.

या सर्वांना, हौशी असो की व्यावसायिक, एकच भेट सरसकट देता येईल अशी आहे, आणि ती दुकानदार सहसा दाखवीत नाही, कारण तीत त्याला सुटत काही नाही. आपल्याकडील पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते. आधी ठिपका, मग कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू; पुढे ती काचेवरचा लेपच खाते आणि मग साफ करूनही डाग राहतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की तिला रान मोकळे मिळते. चामड्याच्या सुंदर पेटीत कॅमेरा ठेवून तो कपाटात बंद करणे म्हणजे तिला आमंत्रण देणे, कारण चामडे ओल धरून ठेवते. रबरी कड असलेला, हवाबंद झाकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्यावा, जसा आपण पापड-कुरडयांसाठी घेतो. त्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि आर्द्रता दाखविणारे लहानसे मापक ठेवावे. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहिला की झाले. निळे खडे गुलाबी पडले, किंवा नारिंगी खडे हिरवे झाले, की त्यांना मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडे करता येते. ज्याच्याकडे चार-पाच किमती लेन्सा आहेत त्याच्यासाठी विजेवर चालणारे कोरडे कपाट मिळते. इतरांचे काम डब्यात उत्तम भागते.

आता ज्या छायाचित्रकाराची या यादीत कोणी गणनाच करीत नाही, त्याकडे, किंबहुना तिच्याकडे, येतो. घरातील वाढदिवस, हळदीकुंकू, गणपतीची आरास, सासूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन, या सर्वांची चित्रे बहुतेक घरांत गृहिणीच्या फोनमध्ये असतात, आणि त्यांपैकी एकातही ती स्वतः नसते. होमाई व्यारावाला यांच्या नावाशी बडोद्याचा निकट संबंध आहे. १९१३ साली नवसारीत जन्मलेल्या, भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेलेल्या या बाईंनी १९८२ नंतरचे आयुष्य येथेच काढले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१२ च्या जानेवारीत येथेच त्यांचे निधन झाले. दिल्लीतील सत्तांतराची चित्रे घेणाऱ्या या बाईंची सुरुवातीची चित्रे मात्र पतीच्या नावाने छापली गेली होती. आपल्या घरात तर चित्र कोणी काढले हा प्रश्नच विचारला जात नाही.

या गृहिणीस कॅमेरा नको. तिला हवी आहे ती तिने काढलेली चित्रे सुरक्षित राहण्याची हमी. फोन चोरीस गेला, पाण्यात पडला, की दहा वर्षे एका दिवसात जातात. तिला एक चांगली हार्ड डिस्क द्यावी, आणि डिस्कसोबत घरातील जाणत्या मुलाचा एक रविवारही द्यावा, म्हणजे चित्रे तीत उतरतील. जाणकारांचा दंडक असा की, प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत घराबाहेर असावी. ती इंदूरच्या नणंदेकडे ठेवली तरी चालते.

त्यातून शंभर चित्रे निवडून कागदावर छापून घ्यावीत आणि एक अल्बम द्यावा. चिकट पानांचे, वर पारदर्शक प्लॅस्टिक असलेले अल्बम टाळावेत. १९७० ते ८० च्या दशकांत घरोघर आलेल्या त्या अल्बमांतील रंगीत चित्रे आज पिवळी पडून पानाला कायमची चिकटलेली दिसतात, आणि त्याच कपाटातील आजोबांच्या लग्नाचा काळ्या पानांवर कोपऱ्यांनी बसविलेला कृष्णधवल फोटो खणखणीत असतो. आम्लविरहित कागदाची पाने आणि कोपरे आजही मिळतात. जुनी चित्रे चिकट पानांवरून ओरबाडून काढू नयेत. दात स्वच्छ करण्याचा बारीक रेशमी दोरा मागून सावकाश फिरविला तर बरीचशी सुटतात. जी सुटणार नाहीत त्यांचा पानासकट फोटो काढून घ्यावा.

चित्रांमागे नावे लिहिण्याचे काम सासूबाईंच्या शेजारी बसून, याच दिवाळीत, उरकावे. जुन्या कृष्णधवल चित्रामागे मऊ शिसपेन्सिल चालते. नव्या रंगीत चित्राची पाठ गुळगुळीत असल्याने तिच्यावर शिसे उमटत नाही. त्यासाठी अल्बमकरिता म्हणून मिळणारे रंगद्रव्याच्या शाईचे पेन घ्यावे, कडेला लहान अक्षरात लिहावे, आणि शाई वाळेपर्यंत चित्र दुसऱ्यावर ठेवू नये. नाव, गाव आणि साल लिहून झाल्यावर चित्र कोणी काढले तेही लिहावे.