रिचार्ज मारण्याआधी

दुकानात जाऊन ‘पॅक संपलाय, तोच मारून द्या’ म्हणत पैसे पुढे करायची सवय सोडा, एवढी कळकळीची विनंती आहे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २३९ वरून थेट २९९ रुपयांवर गेला. त्यात २८ दिवस म्हणजे महिना नव्हे. वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. घरात असे चार फोन असतील तर त्या तेराव्या खेपेचेच १,१९६ रुपये झाले. दूरसंचार नियामक ट्रायने २०२२ मध्येच प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला पुन्हा मारता येणारा, असे पॅक ठेवायला लावले आहेत. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही, तुम्ही विचारा.

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते म्हाताऱ्या माणसांच्या रिचार्जचं. आजीकडे बटणांचा फोन, ती नेट कधी उघडत नाही, आणि तरी पैसे नेटचेही भरले जातात. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केला, की नेट नसलेला, फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक प्रत्येक कंपनीने द्यायलाच हवा, आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. जानेवारी २०२५ मध्ये असे पॅक आले. तेव्हा वर्षभराचा किंवा जवळपास तेवढ्या मुदतीचा पॅक साधारण १,७०० ते १,९०० रुपयांच्या घरात होता. एकदम भरायला रक्कम मोठी वाटते, पण १९९ रुपयांचा २८ दिवसांचा पॅक तेरा वेळा मारला तर २,५८७ रुपये जातात. मात्र आजोबा व्हॉट्सअ‍ॅप बघत असतील आणि घरी वायफाय नसेल, तर हा पॅक त्यांच्यासाठी नाही.

आता रेंजचं. महागडा पॅक मारला म्हणून रेंज सुधारत नाही, हे आधी मनात पक्कं करा. ७००, ८००, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात डेटा भरपूर वाहतो, पण त्या लहरी भिंतीशी लवकर हरतात. म्हणून गच्चीवर फाइव्ह-जी धावतं आणि जांभ्याच्या जाड भिंतींच्या माजघरात फोन गप्प होतो. शिवाय टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. रात्री जेवणानंतर गाव एकदम व्हिडिओ बघायला बसलं की वेग पडणारच. कंपन्यांना आता कव्हरेजचे नकाशे आपल्या संकेतस्थळावर ठेवावे लागतात. ते जरूर बघा, पण तुमच्या स्वयंपाकघरापुरता नकाशा कोणी काढलेला नसतो. शेजाऱ्याचं सिम तासभर आपल्या फोनमध्ये घाला आणि जिथे बसून बोलता तिथेच, रात्रीच्या वेळी, तपासा. घरी ब्रॉडबँड असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा.

अमर्याद फाइव्ह-जीच्या जाहिरातीला भुलू नका. जुलै २०२४ च्या दरवाढीपासून जिओ आणि एअरटेलने ती सवलत साधारणपणे रोज दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकपुरतीच ठेवली. आणि मुलाने अमेरिकेहून फोन धाडणार असं कळवलं, तर त्या मॉडेलमध्ये फोर-जीचे ३, ५, ८, ४० आणि फाइव्ह-जीचे एन २८, एन ७८ हे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, आहेत का, हे त्याला विकत घेण्याआधी बघायला सांगा.

दुसऱ्या कंपनीचीच रेंज चांगली निघाली, तर नंबर तोच ठेवून खुशाल जा. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असले पाहिजेत. इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, जागा सोडून आपला नंबर टाका आणि १९०० वर एसएमएस करा. येणारा कोड बहुतेक ठिकाणी चारच दिवस चालतो. एकाच सर्कलमध्ये, म्हणजे एकाच दूरसंचार विभागात, तीन कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच. गोवा महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये येतो, मुंबईचं सर्कल वेगळं. जुन्या पॅकचे उरलेले दिवस बुडतात, म्हणून मुदत संपत आली की मगच हे काम काढा.


तक्रार असेल तर १९८ वर फोन करा, तक्रारीचा डॉकेट नंबर मागून लिहून ठेवा. तोडगा पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत दाद मागता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.