मेलेल्यावर गुन्हा

मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री तथा गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य



हे पत्र मुख्यमंत्र्यांना कमी आणि गृहमंत्र्यांना जास्त आहे. पोलिसांच्या हातून माणूस मेला, तर त्या पोलिसांवर गुन्हा नोंदवायचा की नाही, नोंदवलाच तर तपास कोणी करायचा, खटला भरायला परवानगी द्यायची की नाही आणि न्यायालयात सरकारतर्फे कोणी उभे राहायचे, हे सगळे आज आपल्याच खात्यात ठरते. आपण कायद्याचे पदवीधर आहात, त्यामुळे कलमे समजावून सांगण्याचा आगाऊपणा करत नाही. ती कलमे आपल्या राज्यात कशी वापरली जातात, तेवढेच मांडतो.

२३ सप्टेंबर २०१४ रोजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा आणि न्या. रोहिंटन नरिमन यांनी पोलीस चकमकींबाबत सोळा मार्गदर्शक सूचना दिल्या. गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाकडे द्या, दंडाधिकाऱ्यांची चौकशी कराच, चौकशी संपेपर्यंत कोणाला शौर्यपदक किंवा बढती देऊ नका. हा सगळा खटला उभा राहिला तो मुंबईतल्या चकमकींवरून. १९९५ ते १९९७ या काळात सुमारे ९९ चकमकी झाल्या, सुमारे १३५ माणसे मेली, आणि त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाल्या होत्या. देशाला नियम मिळाले ते आपल्या राजधानीच्या कर्तृत्वामुळे!

त्या निकालाला दहा वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, दोन लहान मुलींवरील लैंगिक अत्याचाराच्या बदलापूर प्रकरणातला आरोपी तळोजा तुरुंगातून नेला जात असताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्याने एका अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असे पोलिसांचे म्हणणे. त्यानंतर मुंब्रा पोलीस ठाण्यात काय नोंदले गेले? मृताविरुद्ध खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा, आणि त्याच्या मृत्यूची अकस्मात मृत्यू म्हणून नोंद, म्हणजे नेहमीचा ‘एडीआर’. गोळी कोणी झाडली हे माहीत होते, ती झाडणाऱ्याने नाकारलेही नव्हते. तरी त्याच्याविरुद्ध गुन्हा नाही. मेलेल्यावर गुन्हा नोंदवण्यात एक सोय असते. आरोपीच हयात नाही, म्हणून ते प्रकरण आपोआप संपते, आणि त्याबरोबर त्या दिवशी नेमके काय घडले हा प्रश्नही फायलीत बांधला जातो.

त्या माणसावरचा आरोप किती घृणास्पद होता याची मला जाणीव आहे. दोन लहान मुलींच्या आईवडिलांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले, तर ‘बरे झाले’ हे शब्द तोंडातून निघणे समजू शकते. मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले, त्यांवर आपले छायाचित्र होते आणि हातात पिस्तूल होते. ते फलक आपण लावले नव्हते हे मान्य. पण गृहमंत्र्याच्या हातात पिस्तूल दाखवणे म्हणजे त्याचा गौरव, असे ज्या कार्यकर्त्यांना वाटते, त्यांना ते तसे नाही हे सांगण्याचे काम गृहमंत्र्याचेच होते.

जानेवारी २०२५ मध्ये ठाण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांचा अहवाल उच्च न्यायालयात आला. गाडीतल्या पाच पोलिसांना त्यात जबाबदार धरले होते. मृताने ज्या पिस्तुलातून गोळी झाडल्याचे सांगितले गेले, त्यावर त्याच्या बोटांचे ठसे सापडले नव्हते, आणि केलेला बळाचा वापर समर्थनीय नव्हता. आता तरी गुन्हा दाखल होईल असे कोणालाही वाटेल. शासनाने मात्र सीआयडी एडीआरची चौकशी करत आहे एवढेच सांगितले. पुढे मृताचे आईवडील खटला पुढे चालवायला तयार नाहीत असे म्हणाले, तेव्हा न्यायालयाने स्वतः न्यायमित्र नेमून सुनावणी चालवली. ७ एप्रिल २०२५ रोजी विशेष तपास पथकाचा आदेश झाला. आदेशाची अंमलबजावणी होईना, तेव्हा उच्च न्यायालयाला अवमानाची जाणीव करून द्यावी लागली. शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे ५ मे रोजी पथक पोलीस महासंचालकांनी नेमावे एवढाच बदल झाला. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे घटनापीठ २०१३ मध्येच ललिता कुमारी खटल्यात सांगून बसले आहे. घरफोडीच्या फिर्यादीला जो नियम, तो खाकी वर्दीला का नाही, याचे उत्तर शासनाने कुठेही दिलेले नाही.

आता परभणी. १० डिसेंबर २०२४ रोजी डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी शहर पेटले, धरपकड झाली. अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आपण सांगितले, की त्याने दंडाधिकाऱ्यांसमोर मारहाणीची तक्रार केली नव्हती, चित्रीकरणात मारहाण दिसत नाही आणि त्याला श्वसनाचा आजार होता. शवविच्छेदनात मृत्यूचे कारण आले ते अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. न्यायदंडाधिकाऱ्यांनीही पोलिसांना दोषी धरले. तरीही त्याच्या आईला औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. ४ जुलै २०२५ रोजी आठवड्यात गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला. त्यावर शासनाने अपील केले आणि ३० जुलै रोजी ते फेटाळले गेले.

आपण सभागृहात चुकीची माहिती मुद्दाम दिलीत असा माझा आरोप नाही. ती माहिती आपल्याला खात्याने पुरवली असणार, आणि खात्यावरच आरोप होता. चौकशी सुरू असताना गृहमंत्र्याने मृत्यूचे कारण सांगितले, की पुढे त्या जिल्ह्यातल्या कोणत्या निरीक्षकाने त्या म्हणण्याविरुद्ध जाऊन गुन्हा लिहायचा?

परभणीचाच आणखी एक मुलगा होता, ख्वाजा युनूस. घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणी पकडलेला २७ वर्षांचा अभियंता. जानेवारी २००३ मध्ये तो कोठडीतून नाहीसा झाला. गाडीला अपघात झाला आणि तो पळाला, असे पोलिसांनी सांगितले. सीआयडीने चौदा पोलिसांवर ठपका ठेवला, शासनाने खटल्याला मंजुरी दिली ती चौघांविरुद्ध. ही मंजुरी म्हणजे जुन्या संहितेचे कलम १९७, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २१८. सरकारी कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल नोकराला ऊठसूट कोर्टात ओढू नये, हा त्यामागचा हेतू रास्त आहे. कोठडीतल्या माणसाला मारून टाकणे हे कर्तव्य कसे, एवढाच प्रश्न उरतो. उरलेल्या दहा जणांना वगळण्याच्या निर्णयाला आईने न्यायालयात आव्हान दिले. २०१८ मध्ये एका साक्षीनंतर विशेष सरकारी वकिलांनी आणखी चार पोलिसांना आरोपी करावे असा अर्ज केला आणि थोड्याच दिवसांत त्यांना खटल्यावरून दूर केले गेले. तेव्हा गृहखाते आपल्याकडे होते. २०२० मध्ये दुसऱ्या आघाडीच्या सरकारच्या काळात याच खटल्यातल्या आरोपी पोलिसांना सेवेत परत घेतले गेले. या एका विषयावर सगळ्या पक्षांचे एकमत दिसते.

यात अपवाद नाहीत असे नाही. लखनभैया प्रकरणात २००६ साली वर्सोव्यात झालेली ‘चकमक’ बनावट होती हे सिद्ध झाले, २०१३ मध्ये तेरा पोलिसांसह एकवीस जणांना शिक्षा झाली, आणि १९ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांचीही सुटका रद्द करून जन्मठेप दिली. त्यावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली आहे. पण ते कशामुळे शक्य झाले? मृताचा भाऊ स्वतः वकील होता. भावाला उचलल्याचे कळताच त्याने पोलीस आयुक्तांना तारा केल्या, त्यामुळे कागद तयार झाला. तरीही पोलिसांवर गुन्हा दाखल व्हायला २००९ साल उजाडले, तेही न्यायालयाच्या आदेशाने. मुख्य साक्षीदार साक्ष होण्याआधीच बेपत्ता झाला आणि मग त्याचा मृतदेह सापडला. ज्या घरात वकील नाही, त्याने काय करायचे?

पोलिसांची बाजूही मला माहीत आहे. गुंडाशी समोरासमोर गाठ पडलेल्या हवालदाराला विचार करायला क्षणही मिळत नाही, आणि खोट्या तक्रारी होतात हेही खरे. स्वसंरक्षणाचा हक्क त्याला आहेच, जसा तो मला आणि आपल्याला आहे. तो सिद्ध करायची जागा मात्र पत्रकार परिषद नाही. तुकाराम ओंबळे यांनी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर गोळ्या अंगावर घेऊन कसाबला जिवंत धरून ठेवले. खटला चालला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि मग येरवड्यात फाशी झाली. ज्या पोलीस दलाने हे करून दाखवले, त्याला गाडीतल्या, ताब्यातल्या आरोपीचा खटला चालवता येत नाही असे म्हणणे हा दलाचाच अपमान आहे.

मी नवा कायदा मागत नाही. पुष्कळसे काम शासन निर्णयाने होईल. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या अहवालात पोलीस दोषी दिसले की दोन दिवसांत गुन्हा दाखल व्हावा, तोही दुसऱ्या जिल्ह्यात. अशा आदेशांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जायचे असेल, तर त्याची कारणे विधिमंडळापुढे ठेवावीत. सरकारी वकील उच्च न्यायालयाने सुचवलेल्या नावांमधून नेमावा, आणि एकदा नेमल्यावर शासनाने त्याला मधेच काढू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ ने खटला दाखल करायला सहा महिन्यांची आणि मंजुरी असल्यास दोन वर्षांची मुदत घातली आहे. ती कोठडीतल्या मृत्यूला लागू नाही, हे शासनाने स्वतःच न्यायालयात सांगावे, म्हणजे आरोपींना त्या आडोशाला जाता येणार नाही.

आणि मंजुरीचे काय? नव्या कलम २१८ नुसार शासनाने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही, तर मंजुरी मिळाली असे धरले जाते. ही तरतूद चांगली आहे, पण नकार मुदतीत दिला तर तिचा उपयोग नाही. म्हणून माझी विनंती एवढीच, की पोलिसांविरुद्ध खटल्याच्या मंजुरीची फाइल आपल्या टेबलावर येईल तेव्हा होकार असो वा नकार, त्याची कारणे आपल्या सहीनिशी लेखी द्यावीत, ती मृताच्या घरच्यांना त्याच दिवशी पोचवावीत आणि गृहखात्याच्या संकेतस्थळावर मराठीत टाकावीत. सुरुवात परभणीपासून करावी.

आपला,
एक मतदार