थंड पाण्यात नवे शिकारी

कॅलिफोर्नियाचा मॉन्टेरे उपसागर थंड पाण्याचा. वाऱ्यांमुळे खोल समुद्रातील गार, पोषक पाणी तिथे वर येते. २०१४ ते २०१६ या काळात ईशान्य प्रशांत महासागरात उष्णतेची प्रदीर्घ लाट आली आणि हे चित्र पालटले. एरवी दक्षिण कॅलिफोर्निया व मेक्सिकोच्या कोमट पाण्यात वाढणारी ग्रेट व्हाइट शार्कची पिल्ले मॉन्टेरेपर्यंत पोहोचली. लहान शरीरात ऊब टिकत नसल्याने ती कोमट पाणी शोधतात. त्यांच्या वावराची उत्तर सीमा ३४ अंश अक्षांशावरून ३८.५ अंशांपर्यंत सरकल्याचे २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

याची झळ समुद्री पाणमांजरांना बसते. शार्क त्यांना खात नाहीत. पण एका चाव्यानेही ती दगावतात. पाणमांजरे सागरी साळींवर, म्हणजे काटेरी सी अर्चिनवर, ताव मारून केल्प या शेवाळाची वने राखतात. त्यामुळे त्यांची घट साऱ्या परिसंस्थेला भोवते.

लाट ओसरल्यावरही पिल्ले उपसागरात दिसत राहिली. म्हणून मासेमारीचे नियम आणि संरक्षित क्षेत्रांच्या हद्दी जुन्या नकाशांवर विसंबून ठरवता येणार नाहीत. समुद्राच्या तापमानाच्या व जलचरांच्या नियमित नोंदी ठेवणे आणि हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवणे, ही दोन्ही कामे आता लांबणीवर टाकता कामा नयेत.