चोवीस टक्क्यांची कचेरी

परवानावाल्या सावकारानं शेतकरी नसलेल्या माणसाला तारणाशिवाय पैसे दिले, तर सालाला 18 टक्क्यांच्या वर व्याज घ्यायची त्याला परवानगी नाही. 2014 साली महाराष्ट्रात सावकारीचा नवा कायदा आला आणि सरकारनंच ही रेघ मारली. रेघेच्या पुढं गेला तर सावकार गुन्हेगार. आता महापालिकेचा हिशेब बघा. थकलेल्या घरपट्टीवर दर महिन्याला 2 टक्के शास्ती. सालाला 24. सावकार अठरावर थांबतो, कचेरी चोवीसवर जाते. बरं, सावकारानं आधी हातावर चार पैसे तरी ठेवलेले असतात. कचेरीनं काय ठेवलं? तुंबलेलं गटार आणि एक दिवसाआडचं पाणी, तेही आलं तर.

मी वकील नाही. लूमवर उभं राहून ज्यांचे कान बधिर झाले त्या जातकुळीतला मी. पण मला वाचता येतं, म्हणून वस्तीतले लोक कागद घेऊन माझ्याकडं येतात. म्हातारी येते, विधवा येते, बदलीवर जाणारा पोरगा येतो. कागद एकच असतो. वर मोठ्या अक्षरात 'मागणीची नोटीस' आणि खाली जप्तीची धमकी. म्हातारी विचारते, "बाबा, भांडी नेतील का रं?" या एका प्रश्नासाठी हा सगळा लेख लिहितोय.

आधी हिशेब उकलून सांगतो. 2000 रुपये घरपट्टी थकली. दरमहा 2 टक्के म्हणजे 40 रुपये. पन्नास महिने गेले की शास्तीच 2000. मुद्दल तेवढंच उरतं आणि त्याच्या डोक्यावर दुसरं मुद्दल बसतं. मधल्या चार सालांची नवी बिलं वेगळी, त्यांची शास्ती वेगळी, नोटिशीचा खर्च वेगळा, वॉरंटाचा वेगळा. माणूस हबकतो. हबकलेला माणूस कचेरीकडं फिरकत नाही. फिरकला नाही की आकडा फुगतो. मग पेपरात छापून येतं, थकबाकीदारांनी शहराचा विकास रोखला.

कुणी थकवली? का थकवली? ते कोण छापणार?

भिवंडीचा माणूस मजेत घरपट्टी थकवत नाही. इथं पगार पंधरवड्यानं, तोही विणलेल्या कापडावर. लूम बंद तर मजुरी बंद. 2016 च्या नोव्हेंबरात नोटा बाद झाल्या, रोखीवर चालणारं हे गाव एका रात्रीत लंगडं झालं. 2017 च्या जुलैत जीएसटी आला. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मजूर डोक्यावर बोचकी घेऊन नाशिकच्या रस्त्यानं चालत निघाले. या सगळ्या महिन्यांत लूमचा खडखडाट थांबला होता. शास्ती थांबली होती का? तिला ना मंदी कळते, ना रोगराई. ती रात्रपाळी करते, दिवसपाळी करते, रविवारीही सुट्टी घेत नाही. असा इमानदार कामगार अख्ख्या भिवंडीत दुसरा सापडणार नाही.

आता वरच्या लोकांचं बघू. जानेवारी 2022 मध्ये राज्य सरकारनं मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ केला. चांगलं केलं, आमचं दुखणं तिथल्या गरिबाशी नाही. पण तो निर्णय मुंबईपुरता. मुलुंडचा नाका ओलांडला की माफी संपली. शांतीनगरात, गायत्रीनगरात दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं पायाला पाय लावून झोपतात, ती खोली 500 चौरस फुटांची आहे काय? 2011 च्या जनगणनेत सात लाखांवर लोक भरले या शहरात. मुंबईच्या बाजारात कापड नेऊन टाकणारे हे हात मुंबईला चालतात. तिची सवलत त्यांना चालत नाही.

आणि ती गोदामं! देशभरचा माल जिथं उतरतो ती गोदामं भिवंडीच्या नावानं ओळखली जातात. पण काल्हेर, राहनाळ, पूर्णा, दापोडे, माणकोली ही गावं महापालिकेच्या हद्दीबाहेरची, ग्रामपंचायतींची. हजारो फुटांचे पत्रे चमकतात तिकडं. ट्रकांचा धूर आणि नाक्यावरचे खड्डे मात्र आमच्या वाट्याला. रस्ता झिजवणारा एक आणि पट्टी भरणारा दुसरा, असा हा कारभार. तिजोरी रिकामी म्हणून ओरड झाली की पथक कुठं जातं? गल्लीत. कारण गल्लीतल्या दाराला एकच कडी असते आणि दारामागं वकील उभा नसतो.

21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे धामणकर नाक्याजवळ पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपेतल्या माणसांवर कोसळली. 35 हून जास्त माणसं गेली, त्यात लेकरं होती. अशा इमारतींत राहणाऱ्या हजारोंना दोन तऱ्हेचे कागद येतात. एक सांगतो, इमारत धोक्याची आहे, निघा. दुसरा सांगतो, याच इमारतीची पट्टी भरा, नाहीतर जप्ती. कुठं निघू, ते पहिल्या कागदात नाही. कशाची पट्टी, ते दुसऱ्या कागदात नाही. बांधकाम बेकायदा ठरलं तर कलम 267 अ आहेच, कराच्या वर आणखी दंडाची शास्ती. बांधणारा बिल्डर पैसे घेऊन कधीच निघून गेला. दंड भरतो तो, ज्यानं मंगळसूत्र मोडून खोली घेतली. आणि एवढं भरूनही बांधकाम कायदेशीर होत नाही, हेही त्याच कलमात लिहून ठेवलंय! पैसा घ्यायला घर खरं, हक्क द्यायला घर खोटं.

हा न्याय आपल्याला नवा नाही, दोस्तांनो. महाडचं चवदार तळं नगरपालिकेचं होतं. बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात 1923 साली झाला, महाडच्या नगरपालिकेनं 1924 साली तळं खुलं केलं, कागदावर. पाण्याला हात लावायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला, आणि त्यापायी डोकी फुटली. आज पाणीपट्टी थकली की नळ तोडतात. शंभर वर्षांत जागा बदलली. तेव्हा तळ्यावर अडवत, आता मीटरपाशी अडवतात. मुंबई हायकोर्टानं डिसेंबर 2014 मध्ये पाणी हक्क समितीच्या खटल्यात सांगून ठेवलंय, की घर बेकायदा आहे म्हणून माणसाला पाण्याविना ठेवता येणार नाही, पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हे वाक्य प्रत्येक प्रभाग कचेरीच्या भिंतीवर रंगवलं पाहिजे.

वसुलीचा इतिहासही आपल्याच पाठीवर लिहिलाय. गावचा सारा गोळा व्हायचा तेव्हा रयतेला चावडीवर बोलावून आणायचं काम महाराचं. खजिना पोचवायचा महारानं. 1874 च्या वतन कायद्यानं ही गुलामी पक्की बांधली. वतनाच्या तुकडाभर जमिनीवर वरून जुडी नावाचा कर. बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं. सरकारनं जुडी वाढवली तेव्हा 16 डिसेंबर 1939 रोजी हरेगावला महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद भरली. राबवून घ्यायचं फुकट आणि वर पट्टी वाढवायची, त्याला तिथं उघड नकार दिला. वादग्रस्त करावर कसं भांडायचं, हे आपल्याला कुठल्या साहेबाच्या पुस्तकातून शिकायची गरज नाही.

पण आजचा तमाशा बघा. 2022 च्या ऑक्टोबरात नाशिक महापालिकेनं थकबाकीदारांच्या दारात ढोल वाजवायची मोहीम काढली. दुसऱ्या शहरांनीही बँड लावले. म्हणे, लाज वाटली पाहिजे. ढोल कुणाच्या गळ्यात? हलगी कुणाच्या हातात? ज्या जातींना गावानं दवंडी पिटायला लावलं त्यांच्याच पोरांना दिवसाच्या मजुरीवर दुसऱ्या गरिबाच्या दारात उभं करायचं! कनिष्ठ वतनं 1958 च्या कायद्यानं गेली. ती कचेरीच्या मागच्या दारानं परत आणताय काय? घरपट्टी हा पैशाचा व्यवहार आहे. अब्रू ही कुठल्याही बिलाची थकबाकी नाही. कायद्यात वॉरंट आहे, जप्ती आहे, लिलाव आहे. ढोल कुठल्या कलमात आहे, ते दाखवा!

आता म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर. नाही आजी, भांडी नेता येत नाहीत. अंगावरचे लागणारे कपडे, अंथरूण-पांघरूण, रांधायची-जेवायची भांडी, कारागिराची हत्यारं यांना हात लावता येत नाही. दिवाणी संहितेच्या कलम 60 मध्ये ते लिहिलंय. महापालिकेच्या करनियमांतही तसंच आहे. जी बाई शिलाई मशीनवर पोट भरते, तिचं मशीन हे तिचं हत्यार आहे, असं ठणकावून सांगा.

आणखी ऐका. आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग मुदत, मग वॉरंट, अशी पायरी आहे. पायरी चुकवून थेट दारात कुणी आला तर वॉरंट मागा, वाचा, सही-शिक्का बघा, नाव तुमचंच आहे का बघा. जे नेतील त्याची यादी तिथल्या तिथं लिहून मागा. भाडेकरू असाल तर लक्षात ठेवा, भाड्यानं दिलेल्या घराची पट्टी भरायची पहिली जबाबदारी मालकाची. त्याची थकबाकी तुमच्याकडून वसूल केली तर ती भाड्यातून कापून घ्यायचा हक्क तुमचा आहे. पावती जपून ठेवा.

आणि एक गोष्ट छातीवर हात ठेवून सांगतो. पथकात येणारा बेलीफ, शिपाई, ठेक्यावरचा पोरगा आपल्यासारखाच कुणाच्या तरी चाळीत राहतो. त्याच्या अंगावर जाऊ नका. सरकारी नोकरावर हात टाकला की भारतीय न्याय संहितेचं कलम 132 लागतं, आणि मग घरपट्टीचा प्रश्न बाजूला पडून जामिनाचा उभा राहतो. वरच्यांना तेच पाहिजे असतं. पोरानं पोराला मारावं आणि कमिशनरच्या काचेला तडा जाऊ नये.

आकडा चुकीचा वाटला तर? कायद्यात अपील आहे. कलम 406. पण त्या दाराला कुलूप कसलं घातलंय बघा! पंधरा दिवसांत अपील करा आणि मागितलेली रक्कम आधी कचेरीत भरा. आधी भरा, मग भांडा. ज्याच्याकडं भरायला पैसे असते तो भांडायला आला असता कशाला? ही अट म्हणजे गरिबाच्या तोंडावर आपटलेलं दार आहे. गोदामवाला रक्कम भरतो, वकील लावतो आणि वर्षानुवर्षं खटला खेळतो. आमची आवळी-भोपळ्याची मोट एका तराजूत तोलायची आणि त्याला समान न्याय म्हणायचं!

म्हणून आपण दुसऱ्या बाजूनं घुसायचं. आकारणी नवी किंवा वाढीव असेल तर खास लेखी नोटीस द्यावी लागते. ती हातात पडली की मुदतीत लेखी हरकत घ्या आणि पोच घ्या. तोंडी बोललेलं कचेरीत वाऱ्यावर जातं. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. दहा रुपयांच्या अर्जावर आपल्या खोलीचा आकारणी उतारा मागा. किती फूट धरलीय, भाडं किती धरलंय, दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा केलेत का, ते ताडून बघा. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, बाईमाणसाला, औद्योगिक कामगाराला फुकट वकील मिळतो. ती भीक नाही, हक्क आहे. लोकअदालतीची नोटीस आली तर जा, पण सही करण्याआधी कागद वाचून घ्या, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

कर बुडवा असं मी सांगत नाही. बुडवणारे वेगळे, ते आपल्या गल्लीत राहत नाहीत. झाडूवाल्याचा पगार, पोरांच्या शाळेचा फळा, दवाखान्यातली सुई यासाठी कर लागतो, आणि झाडू मारणाराही आपलाच माणूस आहे. पण पैसा कुठं जातो हे विचारायचा अधिकार भरणाऱ्याचा. जोतीबा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते तेव्हा व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये उधळायचा घाट घातला गेला. जोतीबांनी विरोध केला, म्हणाले तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा. असा एकटा माणूस सभागृहात उभा राहतो तेव्हा पट्टीच्या पैशाला पहिल्यांदा मालक मिळतो.

आमचं मागणं सरळ आहे. मुद्दल घ्या, हप्त्यानं घ्या. शास्ती सावकाराच्या खाली आणा. 500 फुटांची माफी मुंबईला दिली तशी भिवंडीला द्या. लूम बंद होती त्या महिन्यांची शास्ती कायमची पुसा. दरसाल मार्चमध्ये अभय योजनेचं गाजर दाखवू नका. अभय म्हणे! अभय देणारा राजा असतो. आम्ही रयत नाही, नागरिक आहोत. अपिलाआधी पैसे भरायची अट गरिबापुरती काढून टाका. दारात ढोल वाजवणं बंद करा.

होणार नाही असं कोण म्हणतो? पिंपरी-चिंचवडच्या लोकांनी बेकायदा बांधकामाच्या शास्तीविरुद्ध वर्षानुवर्षं बोंब मारली. 2023 साली राज्य सरकारला ती माफ करावी लागली. तिकडं माफ होते, मग कामतघरात, नारपोलीत, शांतीनगरात का नाही? तिकडचे मतदार आणि इकडचे काय माशा?

दर रविवारी वस्तीच्या विहारात, मशिदीच्या ओट्यावर, पद्मानगरच्या नाक्यावर, जिथं जागा मिळेल तिथं बसा. जयभीमवाला, सलामवाला, तेलुगू विणकर, भय्या, सगळ्यांनी आपापली नोटीस बाहेर काढा. एकट्याच्या हातात नोटीस थरथरते. हजार नोटिशी एका दोरीत ओवा आणि कचेरीच्या टेबलावर नेऊन ठेवा. मग बघू, घाम कुणाला फुटतो.

जयभीम.